टीबी गेला, खोली रिकामी राहिली

प्रश्न : पत्र पुण्यात नोकरी करणाऱ्या एका ताईंचं आहे. माहेर कांद्याच्या पट्ट्यातलं. धाकटा भाऊ २१ वर्षांचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. दोन वर्षांपूर्वी त्याला टीबी झाला होता. सहा महिन्यांचा सरकारी कोर्स त्याने एकही दिवस न चुकवता पुरा केला. शेवटच्या एक्स-रेवर उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात ‘जुना डाग व पोकळी’ असं लिहिलेलं होतं, पण थुंकी निगेटिव्ह आली म्हणून सगळे निर्धास्त झाले. यंदा दिवाळीनंतर पुन्हा खोकला सुरू झाला, पाच किलो वजन उतरलं आणि सकाळच्या बेडक्यात रक्ताच्या रेषा दिसू लागल्या. तालुक्याच्या खासगी डॉक्टरांनी एक्स-रे पाहून ‘टीबी उलटला’ म्हणत गोळ्या सुरू केल्या, थुंकी तपासली नाही. महिनाभरात फरक पडेना, तेव्हा शहरातल्या छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे सीटी स्कॅनमध्ये त्याच पोकळीत बुरशीचा गोळा दिसला आणि इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल मिळाल्या. गेले दहा दिवस मुलगा दोन्ही औषधं घेतो आहे. वडील म्हणतात, ‘दोघांतला एक डॉक्टर खोटं बोलतोय.’ आई स्वतःला दोष देते, कारण पावसाळ्यात सडलेल्या कांद्याची चाळ तिने त्याच्याकडून रिकामी करून घेतली होती. भाऊ गप्प झालाय. जूनमध्ये त्याला एका कंपनीत रुजू व्हायचं आहे. ताईंना त्याला उपचारासाठी आपल्या घरी आणायचंय, पण घरात दोन वर्षांची मुलगी आहे, सासू-सासरे आहेत. सासूबाई यावर काहीच बोलत नाहीत, आणि ताईंना तो नकारच वाटतो. त्या विचारतात : कोणत्या डॉक्टरांचं ऐकायचं? ऑपरेशन करून एकदाचं मोकळं व्हावं का? भावाला घरी आणणं म्हणजे मुलीशी खेळ करणं आहे का? आणि शेवटी, हा बुरशीचा आजार दुर्मिळ आहे का?

उत्तर :

ताई, आधी एक काम. हे उत्तर वाचून संपायच्या आत करा. दोन्ही औषधांच्या पाकिटांचे फोटो मागवून घ्या, शहरातल्या छातीच्या डॉक्टरांना पाठवा आणि एवढंच विचारा : ‘टीबीच्या गोळीत रिफाम्पिसिन आहे. तिच्याबरोबर ही कॅप्सूल चालते का?’

याचं उत्तर बहुतेक ‘नाही’ असं येईल. लघवीला केशरी रंग आणते ती रिफाम्पिसिन टीबीवरचं फार मोलाचं औषध आहे, पण ती यकृताला कामाला लावते. यकृत इतर कितीतरी औषधांचा फडशा इतक्या झपाट्याने पाडू लागतं की ती रक्तात टिकतच नाहीत. इट्राकोनॅझोल त्यांतलंच एक. बुरशीसाठी वापरलं जाणारं दुसरं औषध, व्होरिकोनॅझोल, त्याचीही तीच गत होते. म्हणजे तुमच्या भावाने दहा दिवस महागाच्या कॅप्सूल घेतल्या खऱ्या, पण फुफ्फुसातल्या गोळ्यापर्यंत त्यातलं जवळजवळ काहीच पोचलं नसण्याची दाट शक्यता आहे. यकृतावर ओझं मात्र दोन्हींचं पडलं. रिफाम्पिसिन बंद केली तरी तिचा हा परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून आज बंद आणि उद्यापासून कॅप्सूल लागू, असंही होत नाही. मात्र यातलं कोणतंही औषध घरच्या घरी बंद करू नका. कुठलं थांबवायचं, हे थुंकीच्या तपासणीशिवाय ठरत नाही, आणि त्याकडे मी येतेच आहे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही. टीबीच्या गोळ्या सुरू आहेत, हे शहरातल्या डॉक्टरांना कुणी सांगितलं होतं का? पुष्कळ घरांत हे सांगितलं जात नाही. ‘आधी दुसरीकडे दाखवलं’ म्हटलं की डॉक्टर चिडतील, अशी भीती असते. पहिली फाईल पिशवीच्या तळाशी जाते आणि नवा डॉक्टर पाटी कोरी समजून औषध लिहितो. तुमच्याकडे तसं झालं असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ते आज दुरुस्त करा.

आता वडिलांचं म्हणणं. दोघांतला एक खोटं बोलतोय, असं त्यांना वाटतं. माझ्या मते कुणीच खोटं बोलत नाहीये. दोघेही एकाच जागेकडे बघताहेत, आणि त्या जागेचा इतिहास समजला तर दोघांचं बोलणं जुळतं.

टीबीचे जंतू फुफ्फुसाच्या वरच्या भागात ठाण मांडतात, कारण तिथे प्राणवायू भरपूर असतो. शरीर त्यांना वेढा घालतं, आणि त्या झटापटीत फुफ्फुसाचा तेवढा तुकडा मरतो. मेलेला भाग पनीरच्या भुग्यासारखा मऊ होतो, श्वासनळीत फुटतो, खोकल्यावाटे बाहेर पडतो. मागे उरते ती पोकळी. औषधांनी जंतू मरतात, पण पोकळी नेहमीच भरून येते असं नाही. तिच्या भिंती जाड, वणाच्या. तिथे रक्त कमी पोचतं, म्हणून पांढऱ्या पेशीही कमी पोचतात. निरोगी श्वासनळीत धूळ बाहेर ढकलणारे बारीक केस असतात, ते इथे उरत नाहीत. श्वासाबरोबर आत आलेला बुरशीचा कण एरवी लवकरच साफ झाला असता, तो इथे कोपऱ्यात पडून राहतो. त्याला ओल मिळते, ऊब मिळते. तंतू वाढतात, त्यात कफ आणि मेलेल्या पेशी गुंततात आणि हळूहळू गोळा तयार होतो. ही बुरशी बहुतेक वेळा ॲस्परजिलस जातीची असते. सीटीत गोळ्याच्या वर हवेची चंद्रकोर दिसते, आणि रुग्णाला पालथं झोपवून पुन्हा स्कॅन केला तर कधीकधी गोळा जागा बदलतानाही दिसतो.

या गोळ्याची लक्षणं म्हणजे खोकला, थकवा, वजन उतरणं, बेडक्यातून रक्त. टीबीची लक्षणंही हीच, आणि एक्स-रेवर जागाही तीच. जगातल्या टीबीच्या दर चार रुग्णांमागे साधारण एक आपल्या देशात आहे. अशा देशात तालुक्याच्या डॉक्टरांच्या मनात आधी टीबी आला, यात त्यांचं चुकलं नाही. थुंकी न तपासता गोळ्या सुरू केल्या, तिथे चुकलं.

हे मी वरच्या पायरीवर उभी राहून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका सरकारी रुग्णालयात माझ्याकडे २४ वर्षांची एक विवाहित मुलगी आली होती. जुना टीबी, थुंकीतून रक्त. थुंकी निगेटिव्ह आली, तरी ‘कधीकधी जंतू सापडत नाहीत’ असं म्हणत मी तिला दुसरा कोर्स दिला. तो संपला, रक्त थांबलं नाही. सासरच्यांनी तिला ‘पुन्हा टीबी झालेली’ म्हणून माहेरी पाठवलं. सीटी केला तेव्हा बुरशीचा गोळा समोर आला. आठ महिने मी तिला अशा आजाराचं औषध देत होते, जो तिला उरलाच नव्हता, आणि त्या आठ महिन्यांत तिचं घर मोडलं. तेव्हापासून जुन्या टीबीच्या माणसाला पुन्हा रक्त पडलं, की मी पोकळीचा विचार केल्याशिवाय कागदावर पेन टेकवत नाही.

हा आजार दुर्मिळ आहे का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. सगळ्या लोकांत मोजला तर दुर्मिळ. पोकळी राहिलेल्यांत मोजला तर मुळीच नाही. ब्रिटनमध्ये १९६८ साली टीबीतून बरे झालेल्या, पण अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी पोकळी उरलेल्या ५४४ जणांची पाहणी झाली होती. त्यांतल्या २५ टक्क्यांच्या रक्तात या बुरशीविरुद्धच्या प्रतिपिंडांचा पुरावा सापडला आणि ११ टक्क्यांच्या एक्स-रेत गोळा दिसला. काही वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा तपासलं तर गोळ्याचं प्रमाण १७ टक्क्यांवर गेलं होतं. अलीकडे युगांडातल्या गुलू इथे ३९८ बरे झालेले रुग्ण तपासले. ज्यांच्या एक्स-रेत पोकळी होती त्यांच्यात हा जुनाट बुरशीचा आजार २६ टक्क्यांना आढळला, ज्यांच्यात नव्हती त्यांच्यात ०.८ टक्के. म्हणजे तुमच्या भावाच्या शेवटच्या एक्स-रेवर लिहिलेले ते दोन शब्द, ‘व पोकळी’, हाच खरा इशारा होता. तो तुम्हाला समजावून सांगणं आम्हा डॉक्टरांचं काम होतं. टीबीचा कोर्स संपवून पोकळीसह घरी गेलेल्या प्रत्येकाने ही ओळ लक्षात ठेवावी आणि खोकला परतला की पहिल्याच भेटीत जुना एक्स-रे डॉक्टरांपुढे ठेवावा.

‘टीबी की बुरशी’ असा प्रश्न तुम्ही विचारताय. मी तो थोडा बदलते. बुरशीचा गोळा सीटीत दिसलाय, तो आहे. प्रश्न असा, की त्याच्या जोडीला टीबीचे जंतू आज जिवंत आहेत का? दोन्ही एकाच वेळी असू शकतात. तसं क्वचित होतं, पण होतं, आणि तेव्हाच उपचार सगळ्यांत अवघड होतात. म्हणून ‘सीटीत बुरशी दिसली, टीबीच्या गोळ्या फेकून द्या’ हेही मी म्हणणार नाही.

याचा निकाल थुंकी लावेल. पहाटे उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून आलेला बेडका हवा, तोंडातली लाळ नको. तो सरकारी केंद्रात द्या आणि सीबीनॅट किंवा ट्रूनॅट करून घ्या. ट्रूनॅट हे आपल्या गोव्यातल्या कंपनीचं यंत्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली आणि ते आता तालुक्यापर्यंत पोचलंय. या चाचण्या जंतू आहेत की नाहीत हे तर सांगतातच, पण रिफाम्पिसिनला ते दाद देतात का, हेही सांगतात. एकदा टीबी होऊन गेलेल्या माणसात हा दुसरा भाग फार महत्त्वाचा. मात्र एक मेख आहे. या चाचण्या जंतूचा जनुकीय अंश शोधतात, आणि मेलेल्या जंतूंचा अंशही जुन्या रुग्णात बराच काळ सापडू शकतो. अगदी पुसट पॉझिटिव्ह आला तर घाबरून जाऊ नका आणि लगेच कोर्सही पक्का समजू नका. त्याच थुंकीचं कल्चर लावायला सांगा. त्यात जिवंत जंतूच वाढतात, पण निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे थांबावं लागतं. तुमचा भाऊ महिन्याहून अधिक काळ गोळ्या घेतोय, त्यामुळे कल्चर थोडं फसवंही निघू शकतं. हे सगळं एकत्र वाचायला अनुभवी डोळे लागतात. जिल्हा क्षयरोग केंद्र किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचा छाती विभाग, ही त्यासाठी योग्य जागा.

बुरशीच्या बाजूने रक्तातली ॲस्परजिलस आयजीजी, म्हणजे या बुरशीविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी करून घ्या. या आजारात ती बहुतेकांची पॉझिटिव्ह येते. थुंकीचं बुरशीसाठीचं कल्चर पुष्कळदा रिकामं येतं, म्हणून ते निगेटिव्ह आलं तरी बुरशी नाही असं होत नाही. संशय राहिलाच तर दुर्बिणीने फुफ्फुस धुऊन घेतलेल्या पाण्यात गॅलॅक्टोमॅनन हा बुरशीचा अंश बघतात.

मग यांतून काय ठरेल? थुंकीत टीबी नाही असं स्पष्ट झालं, तर डॉक्टर टीबीच्या गोळ्या थांबवतील, रिफाम्पिसिनचा परिणाम ओसरेल आणि बुरशीचं औषध नीट लागू पडेल. टीबीही जिवंत निघाला, तर साधारणपणे आधी टीबीचं औषध, कारण तो इतरांना लागतो. बुरशीच्या गोळ्यामुळे फार त्रास नसेल तर बुरशीचं औषध थोडं मागे ठेवता येतं. त्रास असेल तर ॲम्फोटेरिसिनसारखं शिरेतून द्यायचं औषध असतं, त्याला रिफाम्पिसिनचा असा अडसर नाही, पण मूत्रपिंडावर आणि रक्तातल्या पोटॅशियमवर लक्ष ठेवावं लागतं. काही वेळा टीबीचंच औषधांचं मिश्रण बदलतात. यांतलं काहीही एकट्या डॉक्टरांनी फोनवर ठरवण्यासारखं नाही.

इट्राकोनॅझोलबद्दल बोलायचं तर चंडीगढच्या पीजीआयमध्ये अशा १६४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने औषध घेतलेल्यांत ३८ टक्क्यांचा आजार उलटला, बारा महिने घेतलेल्यांत १० टक्क्यांचा. म्हणजे मनाची तयारी वर्षभराची ठेवा. ही साधी कॅप्सूल पोटभर जेवणाबरोबर घ्यायची. ॲसिडिटीची गोळी बरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही, आणि आपल्याकडे तर प्रत्येक चिठ्ठीत ॲसिडिटीची गोळी सवयीने लिहिलेली असते, तेव्हा ती चिठ्ठी एकदा बघा. औषध सुरू झाल्यावर दोनेक आठवड्यांनी रक्तातली पातळी तपासता येते. जिथे शक्य असेल तिथे करून घ्या, कारण दोन माणसांत ती फार वेगळी निघते. अधूनमधून यकृताची तपासणी हवी. पायांवर सूज आली, धाप लागली किंवा डोळे पिवळे दिसले, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. दम्याचा पंप चालू असेल तर तोही सांगा, कारण काही पंपांतलं स्टेरॉइड या औषधाबरोबर अंगात साठत जातं.

स्टेरॉइडचा विषय निघालाच आहे, तर भावाला एकट्याला शांतपणे विचारा. खोकल्यासाठी किंवा ‘ताकदीसाठी’ कुठे इंजेक्शनं घेतली का? पांढऱ्या छोट्या गोळ्या कुणी दिल्या का? गावोगाव अशा गोळ्यांनी दोन दिवसांत बरं वाटतं, भूक लागते, आणि आतून शरीराचा पहारा ढिला पडतो. बुरशीला आणि टीबीला, दोघांनाही तेच हवं असतं. त्याची साखर तपासा, एचआयव्ही तपासा. टीबीच्या प्रत्येक रुग्णाच्या या दोन्ही तपासण्या करायच्याच असतात, त्यात त्याच्या चारित्र्यावर कुणी बोट ठेवत नाही. एकविसाव्या वर्षी कुठला मधुमेह, असं म्हणू नका. या वयातही तो निघतो, आणि तो कळला नाही तर बाकीचे सगळे उपचार लंगडे पडतात.

ज्यांच्या घरात मधुमेह आणि टीबी दोन्ही आहेत, त्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. तुमच्या भावाचा आजार महिन्यांच्या चालीने सरकतो आहे. पण साखर फार वाढलेल्या तरुणाला टीबीच्या उपचारात असताना दोन-चार दिवसांत जोराचा ताप, छातीत दुखणं, झपाट्याने वाढणारी धाप आणि काळपट रक्त दिसलं, तर ती वेगळी बुरशी असू शकते. म्युकर. २०२१ च्या कोरोना लाटेत महाराष्ट्राने तिचा तडाखा नाक-डोळ्यांवर पाहिला, ती फुफ्फुसातही होते. ती रक्तवाहिन्यांतच शिरते आणि पुढचा भाग मारत जाते. व्होरिकोनॅझोल तिच्यावर चालत नाही. तिथे ॲम्फोटेरिसिन, साखरेवर ताबा आणि जमल्यास शस्त्रक्रिया, आणि हे सगळं तासांच्या हिशेबात. अशा वेळी तालुक्यात एक दिवसही काढू नका.

आईंना मात्र माझ्या वतीने सांगा. चाळीतल्या सडलेल्या कांद्यावर जी काळी भुकटी दिसते, ती ॲस्परजिलसच्याच कुळातली एक बुरशी असते, हे खरं. म्हणून त्यांच्या मनात जे आलं ते अगदीच निराधार नाही. पण या बुरशीचे कण शेणखतात आहेत, कडब्यात आहेत, कुंडीतल्या मातीत आहेत, तुमच्या पुण्याच्या सोसायटीच्या ओल आलेल्या भिंतीवरही आहेत. आपण सगळेच ते रोज श्वासाबरोबर आत घेतो. चाळ रिकामी करणारे बाकीचे गडी आजारी पडले नाहीत. याच्या फुफ्फुसात टीबीने जागा करून ठेवली होती, म्हणून त्याला त्रास झाला. आईने काम सांगितलं ते धडधाकट दिसणाऱ्या पोराला, आणि या कामापासून जपायला हवं हे तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं. इथून पुढे मात्र चाळ, खताचा खड्डा, मळणीची धूळ, घराची पाडापाडी यांपासून तो लांब राहू दे. नाकावर बांधलेलं उपरणं या कामी येत नाही, कण दोन-तीन मायक्रॉनचे असतात. अगदी गरज पडलीच तर एन-९५ मास्क.

ऑपरेशनबद्दल. ‘एकदाचं मोकळं व्हावं’ ही इच्छा मला समजते. गोळा एकच असेल, बाकीचं फुफ्फुस चांगलं असेल आणि माणूस तरुण असेल, तर तो भाग काढून टाकणं हाच मुळावरचा उपाय ठरू शकतो. त्या दृष्टीने तुमच्या भावाचं वय त्याच्या बाजूचं आहे. पण टीबीनंतर फुफ्फुसाचा वरचा भाग बरगड्यांना घट्ट चिकटलेला असतो, तो सोडवताना रक्तस्राव होतो, आणि शिल्लक फुफ्फुसाची ताकद आधी मोजावी लागते. पोकळ्या अनेक असतील, दोन्ही बाजूंना असतील, तर शस्त्रक्रियेचा धोका फायद्याहून मोठा होतो. शिवाय थुंकीत जिवंत टीबी आहे की नाही हे कळायच्या आत टेबलावर घेणं योग्य नाही. म्हणून छातीच्या सर्जनचं मत आत्ता घ्या, तारीख नंतर. अशी शस्त्रक्रिया जिथे नेहमी होते अशाच ठिकाणी जा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ती बसते का, हे दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून ठेवा. पैशाचं आणखी एक सांगते. टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी दरमहा १००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पर्यंत ते ५०० होते. हे पैसे टीबीच्या नोंदीवर मिळतात. आजार फक्त बुरशीचा ठरला तर ते मिळणार नाहीत, आणि औषध मात्र वर्षभर विकत घ्यावं लागेल. हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. टीबीच्याच मागे लागून आलेल्या दुखण्याला टीबीइतकाच आधार मिळायला हवा. पण आज स्थिती ही आहे, तर घरात हिशेब आधीच मांडा, म्हणजे पाचव्या महिन्यात पैशांसाठी औषध बंद पडणार नाही.

आता तुमचं घर. बुरशीचा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही. एका ताटात जेवलं तरी नाही, एका खोलीत झोपलं तरी नाही. तुमच्या मुलीला मामाच्या गोळ्यापासून काहीही धोका नाही, हे सासूबाईंना खात्रीने सांगा. धोका असेल तर तो टीबीचा, आणि तो आहे की नाही हे पुन्हा त्या थुंकीवरच येतं. सीबीनॅटचा अहवाल एक-दोन दिवसांत हाती येतो. तेवढा थांबा. तो निगेटिव्ह आला तर डॉक्टरांना दाखवून भावाला आणा. पॉझिटिव्ह आला आणि जंतू औषधाला दाद देणारे निघाले, तर योग्य औषधावर साधारण दोन आठवड्यांत त्याच्यापासून लागण होण्याची शक्यता बरीच कमी होते. तोवर त्याला गावीच, खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत राहू दे. तुम्ही दिवाळीनंतर माहेरी मुक्काम केला असेल, तर त्या स्थितीत मुलीची तपासणी करून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलांना टीबी नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध देतात. बीसीजी टोचलीय म्हणून ते टाळू नका. जंतू औषधाला दाद न देणारे निघाले तर ‘दोन आठवडे’ हा हिशेब लागू नाही. मग केंद्रातले डॉक्टर सांगतील तसं.

सासूबाईंचा गप्पपणा नकार आहे असं तुम्ही धरून चाललाय. मला तसं वाटत नाही. त्यांच्या पिढीने शिवडीच्या आणि मिरजेच्या दवाखान्यांच्या गोष्टी ऐकल्यात, त्या काळात टीबी झालेला माणूस घरातून उठून जायचा. त्यांना कुणी नीट समजावून सांगितलंय का? अहवाल हाती आला की त्यांना डॉक्टरांसमोर घेऊन जा आणि त्यांनाच प्रश्न विचारू द्या. निर्णय आधी घेऊन नंतर कळवलात, तर भाऊ त्या घरात पाहुणा म्हणून नव्हे, आरोपी म्हणून राहील.

रात्रीची एक तयारी हवी. बेडक्यात रेषा असणं वेगळं आणि घोटभर लाल रक्त येणं वेगळं. तसं झालं तर त्याला उजव्या कुशीवर झोपवा, दुखऱ्या बाजूवर, म्हणजे रक्त चांगल्या फुफ्फुसात उतरत नाही. उताणं झोपवू नका. खायला-प्यायला देऊ नका. १०८ ला फोन लावा आणि रक्त एखाद्या भांड्यात धरा, डॉक्टरांना अंदाज येतो. मोठ्या रुग्णालयात जांघेतून बारीक नळी घालून रक्त गळणारी धमनी आतून बंद करतात. आसपास ही सोय कुठे आहे, हे आजच विचारून फोन नंबर फ्रिजवर चिकटवा. आणि अंगदुखीसाठी ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या मनाने देऊ नका.

शेवटी तुमच्या भावाबद्दल. पत्र दोन पानांचं आहे. त्यात वडील काय म्हणतात, आई काय म्हणते, सासूबाई काय म्हणत नाहीत, सगळं आलंय. तो काय म्हणतो, हे एका ओळीत : ‘गप्प झालाय.’ सहा महिने एकही गोळी न चुकवलेल्या मुलाला पुन्हा टीबी झाला असं सांगण्यात आलं. त्याच्या मनात आलं असेल, की आपण सगळं नीट करूनही काही उपयोग झाला नाही. त्याला ही पोकळीची गोष्ट तुम्ही सांगा. जमलं तर सीटीची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून दाखवा. त्याच्या गोळ्यांनी टीबी मारला होता की नाही, हे थुंकी सांगेल, पण त्याने कसूर केली नव्हती हे तुम्हाला आजच माहीत आहे. जूनची नोकरी अजून हातची गेलेली नाही. टीबी नसेल आणि औषध लागू पडलं तर कॅप्सूल घेता घेता काम करणारे पुष्कळ आहेत. काम धुळीचं आहे का, एवढं त्याने कंपनीत विचारावं, आणि रुजू व्हायची तारीख महिनाभर पुढे मिळते का, तेही. हे फोन त्यालाच करू द्या. थुंकीची डबी आणायला केंद्रात जाल तेव्हा फाईलही त्याच्याच हातात द्या.